जिवंत म्हणून नेलेली माणसं

चुलीवर चहाच्या पाण्यातली पेज रटरटत होती आणि नुई खारवलेल्या मुळ्याच्या चकत्या करत होती. चकती इतकी पातळ हवी की पलीकडचं बोट दिसलं पाहिजे, असा तिचा हट्ट. एकटीच्या जेवणाला एवढा थाट कशाला, असं शेजारची इशी रोज म्हणायची आणि नुई रोज पातळच चिरायची. आता वाडग्यात पेज वाढून घ्यावी असं मनात येतंय, तोवर मागच्या दारावर टकटक झाली.

पुढच्या दारावर थाप पडली तर ती शेजारीण, भाजीवाली, नाहीतर वाट चुकलेला यात्रेकरू. मागच्या दाराला फक्त मिमुरांच्या घरचं माणूस यायचं. नुईनं सुरी बाजूला ठेवली. भूक तिथेच संपली.

दारात खुद्द तोकुबेई उभा होता, मिमुरा उपाध्यांचा कारभारी. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, थंडीतसुद्धा हातात पंखा.

"मावशी, उठलीस का लवकर?"

"मी रोजच उठते. तू कसा आलास? नोकर कुठे मेले सगळे?"

तोकुबेईनं तोंड कसनुसं केलं. "सकाळी सकाळी तो शब्द नको गं. घरी एक आजारी माणूस आहे."

"किती आजारी?"

"फार."

यामादा गावात 'फार आजारी' म्हणजे काय, हे अंगावर पिणाऱ्या लेकरालाही कळतं. हे सूर्यदेवीचं गाव. इथे कुणी मरत नाही. मेलं तर त्या घराला तीस दिवसांचा विटाळ, त्या घरच्या चुलीचा विस्तवसुद्धा बाटलेला, त्यावर शिजलेलं खाल्लेल्यानं देवळाच्या कमानीखालून जायचं नाही. सामान्य घराचं एक वेळ भागतं. पण ज्यांच्या घरी देशभरातले यात्रेकरू उतरतात, त्या उपाध्यांनी ऐन हंगामात तीस दिवस दारं लावून बसायचं म्हणजे काय? म्हणून जो जातो तो 'फार आजारी' होतो. त्याला डोलीत बसवतात, पाठीला उशी देतात, छातीवरून दोरी घेतात, चेहऱ्यावर ऊन लागू नये म्हणून पंचा टाकतात, आणि डोंगराच्या पायथ्याशी जो मठ आहे तिथे 'हवापालटाला' घेऊन जातात. तिथला भिक्षू नाडी बघतो आणि म्हणतो, अरेरे, आत्ताच गेला. झालं. मरण मठाच्या खात्यावर. उपाध्यांचं घर सोवळं ते सोवळंच.

वाटेत मात्र आजाऱ्याशी कुणीतरी बोलायला लागतं. ते काम नुईचं.

एकोणीस वर्षं ती डोलीबरोबर चालत आली होती. "आजोबा, दगड आहे हं, हिसका बसेल." "काकू, घोटभर पाणी घेता?" मग ओला बोळा त्या निळ्या ओठांना लावायचा, पाणी हनुवटीवरून मानेत ओघळायचं, ते पुसायचं. मोठ्यानं बोलायचं, गल्लीनं ऐकायला हवं. गल्लीसुद्धा तयार असायची. "बरं वाटो हो पाहुण्यांना," असं दारादारातून म्हणायची, आणि डोली पुढे गेली की मागून खुसखुस. "आज नुईमावशीचा पाहुणा फारच अबोल दिसतोय." तांदूळवाल्या घरची सून तर एकदा म्हणाली होती, "मावशी, आमच्या सासऱ्यांनाही जरा बोलायला लावा, घरात ते तोंडच उघडत नाहीत." सगळे हसले होते. नुईही हसली होती. घरी येऊन तिनं तोंड धुतलं, परत धुतलं, राखेनं हात घासले, तरी बोटांना तो वास राहिलाच.

आणि मोबदला म्हणून संध्याकाळी मिमुरांकडून लाकडी डबा यायचा. पाहुण्यांच्या मेजवानीत उरलेलं. तांबड्या माशाची डोकी, अर्धी चोखलेली शेवंड, शिंपल्यातल्या मांसाचे चिवट तुकडे. पहिली काही वर्षं तिनं ते खाल्लं. मग इशीला द्यायला लागली. इशी म्हणायची, देवीच्या गावचा प्रसाद आहे, तू कसली नाकं मुरडतेस.

"चल," तोकुबेई म्हणाला. "पेज खाऊन घे हवं तर."

"नको."

मिमुरांचं घर तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ती चौदा वर्षांची होती तेव्हा समुद्राकाठच्या खेड्यातून इथे कामाला आली, ती पाय धुवायला. यात्रेकरू दारात बसायचे, गवताच्या वाहाणा सोडायचे, आणि नुई कोमट पाण्यात त्यांचे पाय धुवायची. उत्तरेकडच्यांच्या टाचांत बोट जाईल एवढ्या भेगा, शहरातल्या व्यापाऱ्यांच्या पायांना सुगंधी तेल, शस्त्रधारी लोकांचे पांढरे मोजे वरून स्वच्छ आणि आतून कुजके. देवीकडे एवढं चालून येणारी माणसं म्हणजे पुण्यवान, असं तिला वाटायचं. वर्षभरात तो भ्रम फिटला. सकाळी नदीत थंड पाण्यानं अंघोळ करून, तोंड धुऊन, टाळ्या वाजवून नमस्कार करणारे तेच लोक संध्याकाळी टेकडीवरच्या बायकांच्या वस्तीत जायचे आणि पहाटे अंगणात ओकायचे. ते धुवायलाही नुईच. शेतकरी ओकला की कळायचं काय खाल्लंय. शस्त्रधारी ओकला की त्याचा नोकर आधी येऊन सांगायचा, सरकारांना प्रवासाचा शीण झालाय.

सहा वर्षांपूर्वी आकाशातून देवीच्या नावाचे कागद पडले म्हणे, आणि सगळा देश न विचारता, न सांगता यात्रेला निघाला. मोलकरणी मालकाच्या चुलीवर भात तसाच टाकून आल्या. हातात पाणी प्यायचा लाकडी डाव, अंगावर एक कपडा, आणि वाटेत जो देईल ते खायचं. लोक त्या वर्षाचं अजून कौतुक करतात. नुईला आठवते ती गल्लीत घोट्यापर्यंत साचलेली घाण, आणि डोल्या पुरेनात म्हणून दाराच्या फळ्या काढून त्यावरून नेलेली माणसं. दिवसातून चार चार वेळा डोंगरापर्यंत. घसा बसला होता तिचा बोलून बोलून. शेवटी शेवटी कोणाला आजोबा म्हणायचं नि कोणाला ताई, तेही ती बघत नव्हती.

मिमुरांच्या अंगणात आज धावपळ होती. पुढच्या दालनात एका सरदाराच्या पदरचे शस्त्रधारी उतरले होते. नागासे नावाचे गृहस्थ, धन्याच्या डोळ्यांना आराम पडावा म्हणून धन्याच्या वतीनं आलेले. दुपारी त्यांच्यासाठी घरात देवीपुढचं नाचगाणं व्हायचं होतं. झांजा पुसून ठेवल्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतल्या मुली केस विंचरत होत्या. स्वयंपाकघरातून आणखी शेवंडी आणा म्हणून ओरडा चालला होता.

"मागच्या खोलीत," तोकुबेई हळूच म्हणाला. "उत्तरेकडच्या एचिगो प्रांतातला म्हातारा आहे. साकुएमोन. गावातल्या यात्रामंडळाच्या चिठ्ठ्यांत नावं निघाली म्हणून पाच जण आलेत. रस्त्यातच खोकत होता म्हणे. काल रात्री इथे पोचले नि हा आडवा झाला."

"म्हणजे दर्शन नाही झालं?"

"कुठलं दर्शन. कमानसुद्धा नाही बघितली."

खोलीत कोपऱ्यात एक तिशीचा माणूस गुडघे जवळ घेऊन बसला होता. म्हाताऱ्याचा पुतण्या, योहेई. नुई आली तसा तो भिंतीला आणखी चिकटला. गादीवर साकुएमोन. गाल आत गेलेले, नाक वर आलेलं, मेणासारखं कपाळ. नुईला हा चेहरा पाठ होता. ती गुडघ्यांवर बसली, सवयीनं पंचा ओला केला, आणि सवयीनंच बोलायला लागली. "आजोबा, आता आपण जरा बाहेर जाऊ हं."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"लघवीला जायचंय," तो म्हणाला.

नुईचा हात तिथेच राहिला. मागे उभ्या असलेल्या तोकुबेईनं जीभ टाळूला लावून च्च केलं, जसं दूध उतू गेल्यावर करतात तसं.

तिनं भांडं मागवलं. योहेई हलेना, म्हणून तिनंच म्हाताऱ्याला कुशीवर केलं, आधार दिला. थोडीच झाली, गडद आणि उग्र वासाची. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले होते, लाजेनं. "बाई, माफ करा," तो पुटपुटला. एकोणीस वर्षांत नुईची कुणी माफी मागितली नव्हती.

भांडं घेऊन ती बाहेर आली. तोकुबेई मागोमाग.

"हा जिवंत आहे," ती म्हणाली.

"हो. मग?"

"मग काय? जिवंत आहे."

"मावशी, तू गल्लीभर रोज तेच तर सांगत जातेस."

"रोज खोटं सांगते."

"तर आज खरं सांग. काम सोपं झालं तुझं." तो स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन हसला. मग गंभीर झाला. "हे बघ. वैद्य म्हणाला दुपारपर्यंत. दुपारी इकडे झांजा वाजायला लागणार आणि तिकडे हा आटपणार. मग? नागासे सरकारांचं काय? सव्वा महिना चालून आलेत ते. त्यांच्या धन्याला काय सांगू, एका शेतकऱ्यापायी परत जा म्हणून? आणि याचे ते चौघे गाववाले? हा या घरात गेला की त्यांनाही विटाळ. बत्तीस घरांच्या वतीनं आलेत. त्यांनाही दर्शन नाही. योहेईलाच विचार की."

योहेई दारात येऊन उभा होता. "काकांना पण तसंच वाटेल," तो खाली बघत म्हणाला. "सगळ्यांचा खोळंबा नको, असंच ते म्हणतील."

"विचारलंस त्यांना?"

तो चौकटीवरची धूळ बोटानं पुसायला लागला.

तेवढ्यात पडवीतून नागासे आले. लांब बाह्यांचा स्वच्छ पोशाख, कमरेला दोन तलवारी, तोंडाला कालच्या साके दारूचा आंबूस वास आणि त्यावर खाल्लेल्या लवंगेचा. देवीसाठी तोंड शुद्ध केलं होतं. नुईच्या हातातल्या भांड्याकडे लक्ष जाताच त्यांनी बाही नाकाला लावली.

"ते जिवंत आहे ना अजून?" त्यांनी तोकुबेईला विचारलं.

"आहे, सरकार. आत्ताच नेतो."

"बरं. जेवणाआधी न्या."

आणि ते परत फिरले. 'ते' म्हणाले, जणू टोपलीतला मासा.  भांडं तिनं संडासात ओतलं, विहिरीवर तीनदा विसळलं, आणि तरी ते हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. किळस कसली येतेय ते तिला कळत नव्हतं. त्या पिवळ्या पाण्याची नव्हती, एवढं नक्की.

भोई आले होते. गोन्ता आणि त्याचा मेव्हणा. दोघांनी नेहमीसारखं म्हाताऱ्याला उचललं, डोलीत बसवलं, छातीवरून दोरी घेतली आणि गाठ आवळली. म्हातारा कण्हला. गोन्ता दचकला.

"मावशी, हा आवाज करतोय."

"जिवंत माणसं करतात. दोरी सैल कर."

"सैल केली तर पडेल पुढे."

"मी धरीन. आणि तो पंचा काढ तोंडावरचा."

"ऊन—"

"लागू दे ऊन. त्याला दिसू दे काय ते."

मागच्या दारानं डोली निघाली. एका बाजूला नुई, मागे चार पावलं अंतर ठेवून योहेई. गल्लीत नेहमीप्रमाणे दारं किलकिली झाली. "बरं वाटो हो पाहुण्यांना," तांदूळवाल्यांची सून म्हणाली. समोरच्या घरातून कुणी म्हणालं, "लवकर बरे व्हा, आजोबा, परत या दर्शनाला."

"कोण बोलतंय?" साकुएमोननं विचारलं. आवाज बारीक होता पण स्पष्ट. "ओळखीचे आहेत का?"

 तांदूळवाल्यांच्या सुनेच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग तिनं दार लावून घेतलं. पलीकडचंही लागलं. एकापाठोपाठ एक, डोली पुढे जाईल तशी दारं लागत गेली. एवढी वर्षं मेलेल्यांना हसून निरोप देणारी ही गल्ली, एक जिवंत माणूस उत्तर देतो म्हटल्यावर तोंड लपवून बसली.

"कुणी नाही, आजोबा," नुई म्हणाली. "वारा आहे."

आणि तिला स्वतःचाच राग आला. इतक्या वर्षांची जीभ, खोटंच आधी आलं.

चालता चालता तिला किसुके आठवला. तिचा नवरा. मिमुरांकडेच आचारी होता, मासे साफ करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तीन दिवस तापानं फणफणला, नोकरांच्या खोलीत. चौथ्या दिवशी सकाळी तोकुबेईचा बाप आला, तेव्हा तोच कारभारी होता. घरात तीस पाहुणे होते. 'नुई, किसुके फार आजारी आहे,' तो म्हणाला. ती बत्तीस वर्षांची होती. तिला रडायचं होतं. पण रडलं की मेला, आणि इथे मेलेला चालत नाही. 'तू बोलत राहा,' म्हातारा कारभारी म्हणाला, 'ओळखीचा आवाज असला की लोकांना खरं वाटतं.' मग ती बोलली. छपराच्या गळतीबद्दल बोलली, वाळत घातलेल्या मासळीबद्दल बोलली. मधेच त्याचा हात डोलीबाहेर लोंबला, तो तिनं उचलून आत ठेवला. गरम होता तो हात. तापाची ऊब उतरायला वेळ लागतो, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. मठातला भिक्षू म्हणाला, आत्ताच गेला. तो रोज तेच म्हणतो. पण त्या दिवशी ते खरं असलं तर? हा प्रश्न तिनं आजवर कुणाला विचारला नव्हता. ती इतकी छान बोलली, म्हणून तोकुबेईच्या बापानं पुढच्या महिन्यात तिला परत बोलावलं. आणि ती गेली. याचं तिला आज सगळ्यात जास्त वाईट वाटलं, की ती गेली.

डोंगराकडे वळायच्या तिठ्यावर तिनं हात आडवा केला.

"इकडे नाही. माझ्या घरी."

गोन्तानं डोली खाली टेकवली. "काय?"

"माझ्या घरी न्या याला."

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना? मठात न्यायचं सांगितलंय."

"मठात नेलं की काय करतील ते तुला माहितीय. बाहेरच्या पडवीत ठेवतील दगडावर, आणि भिक्षू दर घटकेला डोकावून जाईल, झालं का म्हणून. त्यापेक्षा माझ्याकडे गादी आहे."

"तुझ्या घरी विटाळ होईल."

"माझ्या घरी देवीचं काय अडलंय?"

गोन्तानं योहेईकडे बघितलं. योहेई घामानं भिजला होता. "मी... मी जर तिथे असलो आणि..."

"जा," डोलीतून आवाज आला. सगळ्यांनी खाली पाहिलं. साकुएमोनचे डोळे मिटलेलेच होते. "तू जा. दर्शन घे. माझ्या वाटचंही एकदा वाक."

योहेईनं जमिनीला कपाळ लावलं, 'काका' एवढंच म्हणाला, आणि उठला तो जवळजवळ पळतच गेला. एकदाही वळून बघितलं नाही.

"जेवायला हाक मारली की हाच पहिला," म्हातारा म्हणाला. "लहानपणापासून." त्याच्या घशातून खरखर आली. हसत होता, हे नुईला जरा उशिरा कळलं.

गोन्ता आणि त्याच्या मेव्हण्यानं त्याला नुईच्या घरात गादीवर ठेवलं आणि उंबऱ्याबाहेर जाऊन पाय झटकले, जसं काही चिकटलंय. नुईनं पेज गरम केली. पातळ करून दोन घोट भरवले. तिसरा त्याला जाईना.

"चहात शिजवता का तुम्ही पेज?" त्यानं विचारलं.

"हो. तुमच्याकडे नाही?"

"नाही." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "बरी लागते."

मग तो थोडं थोडं बोलला, मधे मधे झोपत. त्याच्या गावात अजून छपरापर्यंत बर्फ असेल. मंडळात दर वर्षी चिठ्ठ्या टाकतात, पाच नावं निघतात. सव्वीस वर्षं त्याचं नाव निघालं नव्हतं. धाकट्यांची निघाली, सुनेच्या भावाचं दोनदा निघालं. यंदा निघालं तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, छातीत दुखतंय तर दुसऱ्याला जाऊ द्या. "मी म्हटलं, सोडतो की काय." त्यानं डोळे उघडून छताकडे बघितलं. "बाई, मी फार रागावलोय. देवीवर नाही. इतक्या जवळ आलो. रागावलोय."

"रागवा," नुई म्हणाली. "इथे कुणी ऐकत नाही."

उन्हं माथ्यावरून कलली तेव्हा तो गेला. मिमुरांच्या बाजूनं झांजांचा आवाज येत होता. नुईनं त्याच्या नाकापुढे हात धरला, छातीला कान लावला, मनगट धरून बसली. नक्की झाल्यावरच उठली. त्याचं तोंड पुसलं, हात जुळवून ठेवले, तोंडावर पांढरं कापड टाकलं. मग पुढचं दार उघडून ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि समोर अंगणात भाजी निवडणाऱ्या इशीला म्हणाली, "इशी, एचिगोचे साकुएमोन आजोबा माझ्या घरात वारले. आत्ता."

इशीनं तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी ती भर रस्त्यात कपडे काढून उभी राहिली होती. "घरात?"

"घरात."

"मोठ्यानं कशाला बोलतेस."

"मेलेत म्हणून."

तासाभरात गल्लीच्या विहिरीवर लाकडी झाकण बसलं. इशीनं आपल्या चुलीतला विस्तव काढून टाकला, सकाळीच तिनं नुईच्या चुलीतून निखारा नेला होता. समोरची दोन घरं देवळात झाडलोटीच्या कामाला जायची, त्यांनी नुईच्या दाराकडची बाजू दोरी लावून बंद केली. नुईनं एका कागदावर सुतकाची अक्षरं लिहून दारावर चिकटवली. तिच्या घराच्या दारावर तो कागद पहिल्यांदाच लागत होता. किसुकेच्या वेळीही नाही.

ऊन उतरायच्या आत तोकुबेई आला. बरोबर गल्लीचे प्रमुख जेन्सुके, सत्तरीचे, काठी टेकत. मागे गोन्ता आणि मेव्हणा, रिकामी डोली घेऊन. सगळे दोरीच्या पलीकडे थांबले.

"मावशी, अजून काही बिघडलेलं नाही," तोकुबेई म्हणाला. आवाज गोड होता. "कुणी बाहेरच्यानं बघितलेलं नाही. डोलीत बसवू, तू दोन शब्द बोल, मठात नेऊ. भिक्षू तयार आहे. कागद काढून टाक."

"नाही."

"गल्लीतल्या सात घरांचं काम बंद होईल. तुझ्या एका हट्टापायी."

"सात घरांची दारं आजच बंद झाली. मी बघत होते की, डोली जाताना."

"तिकडे नाचगाणं सुरळीत पार पडलं. नागासे सरकार खूश आहेत. योहेई आणि बाकीचे तिघे उद्या दर्शनाला जातील. सगळं नीट झालंय. आता तूच कशाला घाण करतेस?"

"शेवटचे विधी करायला भिक्षूला इकडे पाठव," नुई म्हणाली. "आणि योहेईला सांग, काकाच्या घरी लिहून पाठव म्हणावं. आज दुपारी, यामादात, नुईच्या घरी, गादीवर गेले. दोन घोट पेज घेतली होती. पुढच्या वर्षी त्यांनी दिवस करायचा तो खऱ्या दिवशी करू दे."

तोकुबेईच्या चेहऱ्यावरचा गोडवा उतरला. "यापुढे मिमुरांच्या दारात यायचं नाही तू. डबाही बंद."

"बरं."

 तो भोयांना घेऊन निघून गेला, डोलीचा बांबू कुंपणाला आपटत.

जेन्सुके मात्र थांबले. ते किसुकेला ओळखत होते. त्याच्या हातचे मासे त्यांनी खाल्ले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी तो कागद वाचला.

"नुई," ते म्हणाले, "तीस दिवस तुझ्याकडे कुणी फिरकणार नाही. पाणी मी लांबून ठेवायला सांगतो. पण मला एक समजत नाही. तो म्हातारा तुझा कोण? गेलेल्याला काय, मठ काय नि घर काय. तुला हवंय तरी काय?"

नुईनं उंबऱ्यावर बसून घेतलं. सकाळपासून ती पहिल्यांदा बसत होती.

"जेन्सुकेकाका, मला काही नको. एकच सांगते, तेवढं गल्लीत सांगून ठेवा. माझी वेळ येईल तेव्हा मला डोलीत बसवू नका. मी या घरात मेले, असं म्हणा."